निकालानंतरचे आठ दिवस

आमच्या इमारतीत पाणी आलं नाही की लोक आधी महापालिकेला नावं ठेवतात, मग सरकारला, आणि शेवटी तळमजल्यावर जाऊन उत्तरेश्वर बिराजदारांचं दार वाजवतात. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी वाजवतात. पाणी सोडणारा माणूस निवृत्त कसा होईल, अशी आम्हा कात्रजकरांची समजूत असावी. आणि हे गृहस्थही दर वेळी पायात चपला सरकवून बाहेर येतात, जिन्याखालच्या पाइपला हात लावून बघतात आणि सांगतात, "वरच्या टाकीतच नाही. साडेनऊला येईल." साडेनऊला पाणी येतं. त्याबद्दल कोणी त्यांचे आभार मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

उत्तरेश्वर मूळचे उमरग्याकडचे. भूकंपानंतर दोन वर्षांनी बायकोला, विमलाबाईंना, घेऊन पुण्यात आले. पाणी खात्यात रोजंदारीवर खड्डे खणले, नऊ वर्षांनी कायम झाले आणि व्हॉल्व्हमन झाले. हे काम काय असतं, ते पोस्टात तीस वर्षं काउंटरवर बसूनही मला ठाऊक नव्हतं. माझी समजूत होती की कुठेतरी बटण असेल. बटण वगैरे काही नसतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत छातीइतक्या उंचीची चावी घालायची आणि तिची आडवी मूठ दोन्ही हातांनी धरून गोल फिरायचं. चौकातला मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला अडतीस आटे, म्हणजे अडतीस पूर्ण फेऱ्या, लागतात. आत किती उघडलं, हे वरून दिसत नाही. मोजणी हाच काय तो पुरावा. आटे कमी पडले तर डोंगराकडच्या वरच्या वस्तीला पाणी चढत नाही, आणि खाली राहणाऱ्या आमच्यासारख्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून चावी फिरवताना उत्तरेश्वरांशी कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. कोणी बोललंच तर ते न बघता नुसता एक हात वर करायचे.

२०१३ च्या जून महिन्यात याच चौकात त्यांना मार बसला. मारणारे दिग्विजय, तेव्हाचे आमचे नगरसेवक आणि आताचे आमदार. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. चौकातल्या फलकावर ते पुरेसं मोठं आहे. आदल्या दिवशी वरच्या वस्तीला थेंबभर पाणी चढलं नव्हतं, बायका नगरसेवकांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. सकाळी आठला हे दहा-बारा पोरांना घेऊन चौकात आले. उत्तरेश्वर झाकण उचलत होते. काही विचारणं नाही, सवरणं नाही, सरळ कानशिलात दोन लगावल्या. ते पडले, तेव्हा लाथ घातली. मग उठवून सगळ्यांसमोर कान धरायला लावले. डाव्या कानाचा पडदा तेव्हाच फाटला, आजही त्या बाजूने बोललेलं त्यांना नीट ऐकू येत नाही.

आमच्या इमारतीच्या अकरा गॅलऱ्या चौकाकडे आहेत. अकराही घरांतली माणसं त्या वेळी नेमकी आत स्वयंपाकात, अंघोळीत किंवा पूजेत होती, असं पोलिसांच्या कागदांवर आहे. त्यातली पूजेतली मी. मी पूजा करत नाही, हे मला ओळखणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मी सगळं पाहिलं होतं. हवालदार दारात आला तेव्हा मी म्हटलं, मी देवघरात होते. तो "बरं" म्हणून गेला. मला एकटीला राहायचं होतं इथे, हे माझं तेव्हाचं कारण, आणि ते खरंही होतं. कारण खरं असलं म्हणून मनाला बरं वाटतंच असं नाही. त्यानंतर बारा वर्षं मी या माणसाच्या घरी चहा प्यायले, दिवाळीत फराळ दिला-घेतला, आणि तो विषय निघाला की मी स्वयंपाकघरात विमलाबाईंना मदत करायला उठायची.

खटला उभा राहिला तो उत्तरेश्वरांच्या कामगार संघटनेने जोर लावला म्हणून, आणि टिकला तो शंभूमुळे. शंभू हा त्यांच्या हाताखालचा कामगार. त्याने डोळ्यांनी पाहिलं ते कोर्टात जाऊन सांगितलं, आणि उलटतपासणीत तासभर झोडपून काढलं तरी बदललं नाही. तारखा पडत राहिल्या. दिग्विजय आमदार झाले, दुसऱ्यांदा झाले. आणि गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी उत्तरेश्वर संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "हेमाताई, दोषी ठरवलं."

मी विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, ते पुढच्या बुधवारी. मला काही कळेना. दोषी ठरलाय, तर शिक्षा सांगायला आठ दिवस कशाला हवेत? मग त्यांनी सरकारी वकिलांनी सांगितलेलं सगळं सावकाश मला समजावलं. गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा किती, यावर कोर्ट पुन्हा वेगळं ऐकून घेतं. आरोपी आपलं वय सांगतो, दुखणी सांगतो, घरचं सांगतो, केलेली चांगली कामं सांगतो. या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. दोन किंवा त्याहून जास्त मिळाली तर आमदारकी त्याच दिवशी जाणार आणि पुढेही बरीच वर्षं निवडणूक बंद. दोनपेक्षा एक दिवस जरी कमी मिळाला, तरी सगळं जिथल्या तिथे. तुरुंगाचा प्रश्न नव्हताच, कारण अपील आणि जामीन त्याच दिवशी होणार होते. म्हणजे खटला संपला होता, आणि खुर्ची वाचवायची की नाही हे या आठ दिवसांवर आलं होतं.

आठ दिवसांत कागद गोळा होऊ लागले. हे सगळ्या कात्रजला दिसत होतं. रक्तदान शिबिरांची पत्रं, दोन भजनी मंडळांची पत्रं, शाळेला दिलेल्या बाकांचं पत्र, हृदयाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. चौकात दर निवडणुकीला हातवारे करून भाषण ठोकणाऱ्या माणसाला जिना चढायची मनाई आहे, हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं. पण या सगळ्या कागदांहून मोलाचा एक कागद होता, आणि तो आमच्या तळमजल्यावरून यायला हवा होता. ज्याला मारलं त्यानेच लिहून दिलं की माझी आता काही तक्रार नाही, तर न्यायाधीशही हात जरा सैल सोडतात.

गुरुवारी दुपारी विमलाबाईंनी मला खाली बोलावलं. दारात एक पांढरी गाडी उभी होती. आत खुर्चीवर दिग्विजय यांचे वडील सर्जेराव बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, डोक्याला फेटा, हातात काठी. कात्रजला पुणे चिकटायच्या आधीपासून इथे ज्यांची शेती होती, त्या घरातले. वरची टाकी ज्या जागेवर आहे ती जागा यांनीच फुकट दिली होती. त्यांच्याबरोबर एक तरुण वकील होता. टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र त्याने टीपॉयवर उत्तरेश्वरांच्या पुढ्यात ठेवलं. उत्तरेश्वरांनी ते मला वाचायला दिलं. "सदर घटना गैरसमजातून घडली असून तो गैरसमज आता दूर झाला आहे. आरोपीविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही. त्यांना कमीत कमी शिक्षा व्हावी, ही विनंती." खाली नाव आणि सहीची जागा.

सर्जेराव बोलले ते फार थोडं. पोरगं तवा रक्ताचं गरम होतं, असं म्हणाले. आता दोन पोरींचा बाप आहे, असं म्हणाले. विमलाबाईंनी दिलेला चहा त्यांनी सगळा प्यायला. मला त्यांचा राग येईना, आणि त्याचाच मला राग आला.

उत्तरेश्वरांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी सही करतो. पण दिग्विजयरावांनी इथं यावं. चौकात नको, चार लोक नकोत, इथं घरात. आणि एवढंच म्हणावं, की मी मारलं."

वकील घाईघाईने म्हणाला की ते शक्य नाही. अपील करायचं आहे. साहेबांनी कुठेही, कोणासमोरही कबूल केलं तर अपिलात अडचण होईल. साहेबांची भूमिका पहिल्यापासून अशी आहे की मारहाण झालीच नाही.

"मग माफी कशाची?" मी विचारलं. मला विचारायचं काही कारण नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

वकिलाने माझ्याकडे, ही कोण, अशा नजरेने पाहिलं. उत्तरेश्वर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. ते म्हणणार मारलंच नाही, आणि मी लिहून द्यायचं की मारलं ते माफ केलं. दोन्ही कागद एकाच टेबलावर कसे बसतील, साहेब?"

मग सर्जेराव काठीवर भार देऊन उठले आणि उत्तरेश्वरांच्या समोर उभे राहिले.

"मी म्हनतो ना. त्यानं मारलं. मला ठावं हाय. मी बाप हाय त्याचा, माझ्या तोंडानं ऐका."

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. उत्तरेश्वर उठले, म्हाताऱ्याचा हात धरून त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "आबा, तुम्ही नव्हतं ना मारलं." कागद टीपॉयवर ठेवून गाडी गेली.

तो कागद तिथेच पडून राहिला. विमलाबाई रोज सकाळी तो उचलून टीपॉय पुसायच्या आणि परत तिथेच ठेवायच्या.

शुक्रवारी तेजसला फोन आला. तेजस हा त्यांचा एकुलता एक मुलगा, एकोणतीस वर्षांचा, महापालिकेच्या एका कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटर चालवतो. दर अकरा महिन्यांनी त्याचं काम संपतं आणि पुन्हा नव्याने सुरू होतं, त्यामुळे त्याचं लग्नही असंच अकरा-अकरा महिने पुढे ढकललं जातंय. त्याला कोणीतरी गोड आवाजात सांगितलं की कायम करायचं बघू. संध्याकाळी तो वडिलांसमोर बसला. भांडला नाही, पोरगा गुणी आहे. "पप्पा, प्रॅक्टिकली बघा ना," म्हणाला. "केस तुम्ही जिंकलात. तो गिल्टी आहे हे प्रूव्ह झालंय, पेपरला आलंय. आता शिक्षा दोन वर्षं झाली काय न् दीड झाली काय, तुमच्या लाइफमध्ये काय चेंज होणार आहे? माझ्या लाइफमध्ये होईल."

त्याचं चुकलं, असं म्हणायची माझी छाती नाही. उत्तरेश्वरांनीही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, की बुधवारपर्यंत वेळ आहे. तेजस उठून बाहेर गेला आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं जेवणापुरतं उरलं.

मला वाटत होतं की उत्तरेश्वर हट्टाला पेटलेत. बारा वर्षं चपला झिजवल्या, आता ते वाक्य ऐकल्याशिवाय सोडणार नाहीत. माझी त्याला पूर्ण संमती होती. दुसऱ्याच्या हट्टाला संमती द्यायला आपल्याला पदरचं काही मोडावं लागत नाही.

रविवारी सकाळी ते वर माझ्याकडे आले. हातात तोच कागद. मला वाटलं, पुन्हा वाचून हवाय. पण ते गॅलरीच्या दाराशी उभे राहून खाली चौकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी अडतीस नव्हते, हेमाताई."

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. माराच्या आदल्या दिवशी दुपारी एकला ते वरच्या वस्तीचं पाणी सोडत होते. तेजसचा दहावीचा निकाल त्याच वेळी लागणार होता. फोन वाजला. चावी फिरवताना ते फोन घेत नसत, पण त्या दिवशी घेतला. विमलाबाई होत्या, पोराला एक्याऐंशी टक्के पडले होते. ते रस्त्यात उभ्या उभ्या हसले, दोनदा आकडा विचारला आणि फोन ठेवून पुन्हा चावीला हात घातला. किती झाले होते? तीस झाले असं वाटलं. आठ फिरवले आणि झाकण लावून पेढे आणायला गेले. रात्री बंद करायला आले, तेव्हा अठ्ठाविसातच व्हॉल्व्ह बसला. म्हणजे दुपारी दहा आटे कमी पडले होते. वरच्या चारशे घरांना पाणी चढलं नव्हतं ते त्यामुळे.

"रात्रीच कळलं मला. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या जास्त वेळ सोडू, भरून निघेल. आणि सकाळी हे आले."

कोर्टात उलटतपासणीत त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता, की त्या दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता का. संघटनेच्या माणसाने आधीच बजावलं होतं, अडतीसच सांगायचं. त्यांनी शपथेवर अडतीस सांगितले.

मी भडकले. म्हटलं, आटे चुकले म्हणून कोणी कोणाचा कान फोडत नाही. चूक वेगळी आणि मारहाण वेगळी, लहान पोरालाही कळतं. त्या माणसाने विचारलं होतं का, आटे किती? ते म्हणाले, नाही विचारलं. विचारलं असतं तर बहुतेक तिथंच सांगितलं असतं. मी म्हटलं, मग विषय संपला. आणि आता हे बोलाल तर शपथेवर खोटं बोलल्याचं तुमच्यावरच शेकेल, चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. म्हातारपणी हे नको.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चार दिवस त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं म्हणून बसलोय मी. तो म्हणत नाही की मी मारलं. आणि मी बारा वर्षांत म्हणालो का, की मी कमी सोडलं? त्या वस्तीतल्या बायका दुसऱ्या दिवशी माझ्या माराला लावायला हळद घेऊन आल्या होत्या."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. आम्ही दोघं त्याच गॅलरीत उभे होतो. वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं माझ्या. मी म्हटलं, "चहा टाकते," आणि आत गेले.

बुधवारी त्यांच्याबरोबर कोर्टात मी गेले. तेजसला सुट्टी मिळाली नव्हती, किंवा त्याने मागितली नव्हती. विमलाबाईंना ते सहन झालं नसतं. शिवाजीनगरला उतरलो तेव्हा फाटकापासूनच पांढऱ्या शर्टांची गर्दी होती. प्रतिज्ञापत्र उत्तरेश्वरांच्या पिशवीत होतं, सही न केलेलं.

न्यायाधीश चाळिशीच्या आसपासच्या बाई होत्या, आवाज बारीक पण ठाम. आमदारांच्या वकिलांनी एकेक कागद वाचून दाखवला. रक्तदान, बाकं, भजनी मंडळं, हृदय. दिग्विजय आरोपीच्या जागेवर हात बांधून उभे होते. पंचेचाळीस-सेहेचाळीसचे असतील, केस विरळ झालेले. मी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. फलकावर दिसतात त्यापेक्षा लहान दिसत होते. शेवटी वकील म्हणाले की फिर्यादी स्वतः हजर आहेत, त्यांच्याही मनात आता कटुता राहिलेली नाही, अशी आमची समजूत आहे.

न्यायाधीशांनी उत्तरेश्वरांना पुढे बोलावलं. विचारलं, काही सांगायचं आहे का, आणि कोणाचा दबाव आहे का.

"दबाव नाही," उत्तरेश्वर म्हणाले. "मॅडम, मी साक्षीत अडतीस आटे सांगितले होते. ते खोटं होतं. अठ्ठावीसच होते. माझी मोजणी चुकली होती. त्या दिवशी वस्तीला पाणी गेलं नाही ते माझ्यामुळे."

सरकारी वकिलांनी कपाळावर हात मारला, खरोखरच मारला. आमदारांचे वकील उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. न्यायाधीशांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, की शपथेवर खोटं सांगण्याचा अर्थ तुम्हाला कळतो का. ते म्हणाले, कळतो. मग आज का सांगता आहात?

"शिक्षा ठरायची आहे म्हणून. ठरवताना तुमच्यापुढे सगळं खरं असावं. माझी चूक लिहून घ्या. पण मारलं, ते यांनी मारलं. त्याची माफी मी लिहून आणलेली नाही. ते मारलं म्हणत नाहीत, तर मी माफ काय करू?"

न्यायाधीश दिग्विजय यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे का. दिग्विजय यांनी उत्तरेश्वरांकडे पाहिलं. चांगलं बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. त्यांचे ओठ हलले, हे मी शपथेवर सांगू शकते, आणि या वेळी खरं सांगतेय. मागच्या बाकावर सर्जेराव काठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते पुढे वाकले. मग वकिलांनी खाकरून कागद सारखे केले. दिग्विजय म्हणाले, "माझे वकील बोलले, तेच माझं म्हणणं."

दुपारी तीनला शिक्षा सांगितली. एक वर्ष नऊ महिने. न्यायाधीश म्हणाल्या, कामावरच्या माणसावर हात टाकणं गंभीर आहे आणि पाणी कमी आलं, हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही; पण परिस्थिती जशी होती तशी पूर्ण आज समोर आली आहे, आणि ती मला विचारात घेतली पाहिजे. उत्तरेश्वरांना त्यांनी चार कडक शब्द सुनावले. साक्षीतल्या त्या मुद्द्यावर आरोप अवलंबून नव्हता आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं, म्हणून त्यांच्यावर पुढची कारवाई करत नाही, असं म्हणाल्या. म्हणजे आमदारकी वाचली, तीही यांच्या सांगण्याने.

बाहेर फटाके सुरू झाले. शिक्षा झालेल्या माणसाच्या गळ्यात हार पडलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला. एक कार्यकर्ता पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्यापर्यंत आला आणि उत्तरेश्वरांना म्हणाला, "काका, तुमच्यामुळेच!" बिचारा अगदी मनापासून म्हणाला. उत्तरेश्वर म्हणाले, "मला साखर आहे," आणि चालू लागले. सर्जेराव गाडीत बसले होते. त्यांनी काच खाली केली नाही. पण गाडी समोरून गेली तेव्हा त्यांचे दोन्ही हात जोडलेले मला काचेतून दिसले.

बसस्टॉपवर मी माझा सगळा राग काढला. तीन महिन्यांनी वाचला तो, तीन महिन्यांनी. कोणी विचारलं होतं तुम्हाला आटे? पोराची नोकरी घालवलीत, सरकारी वकिलांना तोंडघशी पाडलंत, आणि हातात काय आलं? तो एक शब्द बोलला नाही. उत्तरेश्वर माझ्या डाव्या बाजूला उभे होते, उजवा कान माझ्याकडे करून, म्हणजे त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं.

"मी त्याच्यासाठी नाही बोललो," ते म्हणाले. "माझं होतं, ते मी बोललो. काल रात्री तेजसलाही सांगितलं, की त्याच्या दहावीच्या निकालाच्या फोनवर आटे चुकलो होतो. हसला. चार दिवसांनी हसला."

समोरून गाड्या जात होत्या. मी स्टॉपच्या लोखंडी बाकावर बसले आणि म्हटलं, "उत्तरेश्वर, मी त्या दिवशी देवघरात नव्हते. गॅलरीत होते. मी सगळं पाहिलं. पोलिसांना खोटं सांगितलं."

ते माझ्याकडे वळले नाहीत. बस येते का, ते रस्त्याकडे बघत होते.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पडलो तेव्हा नजर वरच गेली होती माझी. तुमच्या हातात तांदळाचं ताट होतं."

बारा वर्षांचा चहा, बारा दिवाळ्या. मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत?

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "बोललात. झालं." आणि हात पुढे करून त्यांनी मला बाकावरून उठवलं, कारण कात्रजची बस आली होती.